पित्ताची वाट अडते तेव्हा

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित मजकूर)

'पित्त' हा शब्द आपल्या मराठीत फार राबतो. डोकं चढलं, आंबट ढेकर आले की आपण म्हणतो 'पित्त झालंय'. अंगावर गांधी उठल्या की 'पित्त उठलं' म्हणून आमसुलाचं पाणी लावतो. आणि कोणी वेडंवाकडं बोललं की पित्त खवळतं. त्यावर मात्र आमसूल चालत नाही. आज मी ज्या पित्ताबद्दल बोलणार आहे, ते या तिन्हींपैकी कुठलंच नव्हे. आंबट ढेकर जठरातल्या आम्लामुळे येतात, गांधी बहुधा ॲलर्जीमुळे उठतात आणि रागाचं मूळ शरीरशास्त्राच्या पुस्तकात शोधण्यात अर्थ नाही.

खरं पित्त म्हणजे यकृतात, आपल्या रोजच्या भाषेत लिव्हरमध्ये, तयार होणारा हिरवट-पिवळा आणि कमालीचा कडू रस. मासे साफ करणाऱ्या बायकांना तो चांगला ठाऊक असतो. हात जरा चुकला, ती इवलीशी हिरवी पिशवी फुटली, की कडवटपणा धुतला तरी जात नाही. काही घरांत गंधासाठी जपून ठेवलेलं गोरोचन असतं, तेही पित्ताचंच रूप. गुरांच्या पित्ताशयात तयार झालेला तो खडा असतो.

या रसातला कर्ता घटक म्हणजे पित्ताम्लं. तेलकट कढई नुसत्या पाण्यानं निघत नाही, साबण लागतो. तसंच आपल्या खाण्यातलं तूप-तेल नुसत्या पाचकरसानं पचत नाही. पित्ताम्लं तिथे साबणाचं काम करतात. स्निग्ध पदार्थांचे बारीक बारीक कण करून ती ते आतड्यात शोषले जातील असे बनवतात. अ, ड, ई आणि के ही चार जीवनसत्त्वं स्निग्ध पदार्थातच विरघळतात, म्हणून त्यांचं शोषणही याच साबणावर अवलंबून असतं.

शरीर या साबणाची उधळपट्टी करत नाही. मोठ्या माणसाच्या अंगात एका वेळी जेमतेम ३-४ ग्रॅम पित्ताम्लं असतात, म्हणजे चहाचा एक चमचाही नीट भरणार नाही. जेवणाबरोबर ती आतड्यात उतरतात, काम करतात आणि लहान आतड्याच्या शेवटच्या भागात त्यांतली सुमारे ९५ टक्के पुन्हा शोषली जाऊन रक्तावाटे यकृताकडे परत येतात. मुंबईच्या डबेवाल्याचा डबा जसा भरून जातो आणि रिकामा होऊन त्याच घरी परततो, तसा हा प्रवास. फक्त तो दिवसातून एकदा नव्हे, सहा ते दहा वेळा होतो. शौचावाटे रोज अर्धा ग्रॅम जातो, तेवढाच यकृत नव्यानं बनवतं.

पित्ताम्लांचं दुसरं काम लोकांना फारसं माहीत नसतं. यकृताच्या पेशी त्यांना बारीक नळ्यांमध्ये ढकलतात, त्यांच्यामागे पाणी ओढलं जातं आणि त्यामुळेच पित्त वाहतं. पित्ताम्लं नळीत उतरली नाहीत तर पित्त थबकतं. मग पित्तावाटे बाहेर पडायचा सगळा कचरा यकृतात आणि रक्तात साचत जातो. त्यात बिलिरुबिन नावाचा पिवळा रंगही आला, ज्यामुळे आपल्याला कावीळ दिसते.

आता या व्यवस्थेत जन्मतःच खोट असली तर काय होतं? खोट दोन ठिकाणी असू शकते. एक, कारखान्यात. यकृत पित्ताम्लं बनवतं ती कोलेस्टेरॉलपासून. ज्याच्या धास्तीनं आपण तूप सोडतो त्याच कोलेस्टेरॉलपासून. त्याचं पित्ताम्ल होईपर्यंत डझनाहून अधिक पायऱ्या लागतात आणि प्रत्येक पायरीवर एकेक एन्झाइम नेमलेलं असतं. दुसरी खोट वाहतुकीत. माल तयार होतो, पण पेशीतून नळीत ढकलणारं प्रथिनच सदोष असतं. एन्झाइम काय किंवा प्रथिन काय, प्रत्येकाची कृती एकेका जनुकात लिहिलेली असते.

जनुकाच्या दोन प्रती आपल्याला मिळतात, एक आईकडून, एक वडिलांकडून. एक प्रत बिघडलेली असली तरी दुसरीवर भागतं. अशी माणसं धडधाकट असतात, त्यांना पत्ताही नसतो. पण तीच बिघडलेली प्रत नवरा-बायको दोघांकडे असली, तर प्रत्येक गरोदरपणात चारांत एक अशी शक्यता असते की बाळाला दोन्ही सदोष प्रती मिळतील. पहिलं मूल आजारी निघालं म्हणून दुसरं सुटलं असं नसतं. दर वेळी चिठ्ठी नव्यानं काढली जाते. मामेबहिणीशी लग्न करण्याची चाल आपल्याकडे अनेक समाजांत आहे. अशा जोडप्यात दोघांकडे एकाच आजोबा-आजीकडून आलेली तीच प्रत असण्याचा संभव वाढतो. मात्र नात्याबाहेर लग्न केलेल्यांच्या घरीही ही मुलं जन्मतात, आणि एक गोष्ट मला स्पष्ट सांगावीशी वाटते. गरोदरपणी सुनेनं काय खाल्लं, ग्रहणात ती काय करत होती, याचा या आजाराशी काडीचा संबंध नाही. सदोष प्रतींतली निम्मी वडिलांची असते.

वैद्यकशास्त्राला यांतल्या एका आजाराची ओळख पटली ती आपापसांत लग्नं करणाऱ्या एका समाजातच. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया आणि आसपासच्या राज्यांत आमिश लोक राहतात. मोटारीऐवजी घोडागाडी, विजेच्या तारेपासून दूर, शेतीवर जगणारी ही माणसं. काही शतकांपूर्वी युरोपातून आलेल्या थोड्या कुटुंबांचा विस्तार. आपल्या नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांकडे जशा नामावळीच्या वह्या असतात, तशा या लोकांनीही वंशावळी जपलेल्या आहेत. त्यांच्यातल्या काही घरांत तान्ह्या मुलांना कावीळ होई, शौचाला पातळ आणि दुर्गंधी होई, मुलं खाजवून खाजवून हैराण होत, वाढ खुंटे आणि बहुतेक बालपणीच दगावत. १९६९ मध्ये डॉक्टरांनी हा आजार वर्णन करून छापला तेव्हा ही मुलं जेकब बायलर नावाच्या एका पूर्वजाची वंशज असल्याचं वंशावळीतून दिसलं. तेव्हापासून 'बायलर रोग' हे नाव रूढ झालं. बिचाऱ्या बायलरना स्वतःला काहीही झालेलं नसणार. पुढे ग्रीनलंडच्या इन्युइट लोकांतही असाच आजार आढळला.

या कथेला एक दुसरा धागा आहे. १९५९ मध्ये दोन डॉक्टरांनी एक वेगळीच कावीळ नोंदवली होती. धडधाकट माणसाला अचानक कावीळ होते, भयंकर खाज सुटते, काही आठवडे-महिने त्रास होतो आणि आपोआप सगळं ओसरतं. काही वर्षांनी पुन्हा तेच. यकृत मात्र खराब होत नाही. १९९४ मध्ये नेदरलँड्समधल्या एका कोळीवाड्यातल्या मूठभर रुग्णांच्या मदतीनं शास्त्रज्ञांनी या सौम्य आजाराचं जनुक अठराव्या गुणसूत्रावर असल्याचं शोधून काढलं. बायलर रोगाचा शोध घेणारेही अठराव्या गुणसूत्राच्या त्याच भागात येऊन पोहोचले. १९९८ मध्ये जनुक हाती लागलं, आणि ते दोन्ही आजारांत एकच निघालं. एकाच जनुकातला बिघाड मोठा असेल तर मूल दगावतं आणि छोटा असेल तर माणूस अधूनमधून पिवळा पडून म्हातारपणापर्यंत जगतो. त्याच १९९८ साली दुसरं जनुक सापडलं, पित्ताम्लं पेशीतून नळीत फेकणाऱ्या मुख्य पंपाचं. आज या गटात आणखी अनेक जनुकं माहीत आहेत.

वाहतुकीच्या या आजारांतली सर्वांत छळणारी गोष्ट कावीळ नव्हे. खाज. पहिले काही महिने बाळाला नीट खाजवता येत नाही, त्यामुळे ते नुसतं किरकिरं वाटतं. चार-सहा महिन्यांचं झालं की ते कान, डोळे, गाल चोळू लागतं, पाळण्याच्या दांडीवर पाठ घासतं. अंगावर गांधी नाहीत, पुरळ नाही, दिसतात ते फक्त ओरखडे. मीठ-मोहऱ्या उतरवून झालेल्या असतात, खरजेचं मलम लावून झालेलं असतं, साबण तीनदा बदललेला असतो. थोड्या मोठ्या मुलांची नखं पाहावीत. सतत खाजवून ती पॉलिश केल्यासारखी चकचकीत होतात. रात्री मूल झोपत नाही, म्हणून आई झोपत नाही, म्हणून घर झोपत नाही. हे एक-दोन आठवडे नव्हे, वर्षानुवर्षं. शाळेत असं मूल लक्ष देत नाही ते मंद म्हणून नव्हे, झोप नाही म्हणून. ही खाज नेमकी कशानं होते याचा पूर्ण उलगडा अजून झालेला नाही. रक्तात साचलेली पित्ताम्लं हा त्यातला एक धागा आहे, आणि ती कमी केली की बऱ्याच मुलांची खाज उतरते, हे मात्र अनुभवाचं आहे.

मग ती कमी कशी करायची? आठवा तो परत येणारा डबा. डबा परतूच दिला नाही तर? १९८८ मध्ये अमेरिकी डॉक्टरांनी अशी शस्त्रक्रिया प्रसिद्ध केली, की पित्ताशयाला आतड्याचा एक तुकडा जोडून त्याचं तोंड पोटाच्या त्वचेवर काढायचं. पित्ताचा काही भाग आतड्यात जाण्याऐवजी बाहेर पिशवीत जमा होतो. अनेक मुलांची खाज या एका उपायानं थांबली. पण पोटाला जन्मभर पिशवी हे कोणत्या मुलाला आवडेल? अलीकडे तेच काम औषधानं होऊ लागलं आहे. लहान आतड्याच्या टोकाशी पित्ताम्लं परत उचलणारं जे प्रथिन असतं, त्याला अडवायचं. ओडेविक्सिबॅट या औषधाला २०२१ मध्ये अमेरिका आणि युरोपात मान्यता मिळाली. मारॅलिक्सिबॅट या त्याच जातीच्या औषधाला या आजारासाठी अमेरिकेत २०२४ मध्ये. सगळ्याच मुलांना गुण येतो असं नाही. मुख्य पंप मुळातच नसेल तर परिणाम कमी. आणि अमेरिकेत त्याचा वर्षाचा खर्च लाखो डॉलरमध्ये जातो. त्यामुळे बहुसंख्य घरांत अजूनही अर्सोडिऑक्सिकोलिक ॲसिड, रिफाम्पिसिन अशी जुनी, स्वस्त औषधं आणि शेवटी यकृताचं प्रत्यारोपण हाच मार्ग उरतो. रिफाम्पिसिन म्हणजे तेच क्षयरोगाचं औषध. ते खाजेवरही चालतं, पण डॉक्टरांच्या देखरेखीखालीच, कारण ते यकृतालाच बाधूही शकतं.

लहान मुलाचं यकृत प्रत्यारोपण भारतात यशस्वी झालं त्याला आता पाव शतक उलटून गेलं. १९९८ च्या नोव्हेंबरमध्ये दिल्लीत वीस महिन्यांच्या मुलाला त्याच्या वडिलांच्या यकृताचा भाग बसवला गेला. त्याचा आजार वेगळा होता, पण वाट तीच. पंपाच्या आजारात प्रत्यारोपणानं बहुतेक मुलं बरी होतात. बायलर रोगात मात्र एक अडचण राहते. तिथलं सदोष जनुक आतड्यात, स्वादुपिंडात, कानातही कामाला असतं. यकृत नवं आलं तरी हगवण चालूच राहते, कधी वाढते, आणि नव्या यकृतात चरबी साठू शकते. पंपाच्या आजारातही एक विचित्र गोष्ट क्वचित घडते. मुलाच्या शरीरानं तो पंप जन्मात पाहिलेला नसतो. नव्या यकृतातला निरोगी पंप त्याला परका वाटतो, त्याच्याविरुद्ध प्रतिद्रव्यं तयार होतात आणि जुना आजार नव्या यकृतात पुन्हा उभा राहतो.

पंपाच्या आजारातल्या मुलांना यकृताचा कर्करोग अगदी लहान वयातही होऊ शकतो. म्हणून खाज सुसह्य झाली, आता डॉक्टरांकडे कशाला जायचं, असं करू नये. ठरावीक काळानं सोनोग्राफी आणि रक्ताची तपासणी होत राहिली पाहिजे.

या गटातला तिसरा प्रकार जरा निराळा आहे. पित्ताम्ल हा साबण असल्यामुळे तो नळीच्या भिंतींनाही सोडत नाही. सोड्यानं कपडे धुणाऱ्या बाईचे हात जसे सोलवटतात, तसं नळ्यांचं झालं असतं. निसर्गानं त्यावर तोड काढली आहे. पित्तात लेसिथिन जातीचा एक स्निग्ध पदार्थही सोडला जातो, तो साबणाची धार बोथट करतो. ज्या मुलांत हा पदार्थ सोडणारं प्रथिन सदोष असतं, त्यांच्या नळ्या हळूहळू भाजून निघतात. सौम्य दोष असेल तर मोठेपणी चाळिशीच्या आतच पित्ताशयात खडे होतात, शस्त्रक्रियेनंतरही पुन्हा होतात. तरुण वयात असे खडे होणाऱ्या घराण्यांत ही शंका घ्यायला हवी.

गरोदर स्त्रियांनाही याची झळ लागते. एकच सदोष प्रत असलेली स्त्री एरवी ठणठणीत असते, पण सातव्या-आठव्या महिन्यात हार्मोन्सचा भार वाढला की तिची वाहतूक कमी पडू शकते. तळहात आणि तळपायांना खाज, रात्री जास्त, पुरळ नाही. 'पोट ताणतंय म्हणून होतं' असं म्हणून सोडून देऊ नये. रक्तातली पित्ताम्लं मोजायची तपासणी होते. पित्ताम्लांचं प्रमाण लिटरला १०० मायक्रोमोलच्या वर गेलं तर बाळ पोटातच दगावण्याचा धोका वाढतो, असं २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात दिसलं. अशा वेळी प्रसूती केव्हा करायची हे डॉक्टर ठरवतात.

आता कारखान्यातल्या दोषाकडे येऊ. माझ्या मते या सबंध विषयातला सर्वांत विलक्षण भाग हाच. १९८७ मध्ये लंडनच्या पीटर क्लेटन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका कुटुंबातल्या यकृताच्या आजाराचं कारण शोधून काढलं. पित्ताम्लं बनवण्याच्या साखळीतली अगदी सुरुवातीची एक पायरी या घरात तुटलेली होती. तिथपर्यंत माल येई आणि अर्धवटच राही. अर्धकच्च्या मालानं पित्त वाहत नाही, उलट तो यकृताच्या पेशींना विषासारखा बाधतो. पूर्ण झालेलं पित्ताम्ल मिळत नाही म्हणून यकृत आणखी कच्चा माल साखळीत ढकलतं. म्हणजे आणखी विष. पुढे अमेरिकेत सिनसिनाटीच्या केनेथ सेटचेल यांनी लघवीतले हे अर्धवट रेणू ओळखण्याची पद्धत रुळवली आणि साखळीतल्या इतर पायऱ्यांचे दोषही एकेक करून सापडले.

उपचार इतका सरळ आहे की ऐकणाऱ्याला खोटा वाटावा. जे पित्ताम्ल शरीराला बनवता येत नाही, तेच तोंडानं द्यायचं. कोलिक ॲसिड, रोज वजनाच्या दर किलोला १० ते १५ मिलिग्रॅम. त्यानं दोन गोष्टी साधतात. पित्त वाहू लागतं, आणि यकृताला वाटतं की माल पुरेसा आहे, म्हणून ते साखळीच बंद करतं. अर्धवट विषारी रेणू तयार होणंच थांबतं. ज्या मुलाला एरवी यकृत बदलावं लागलं असतं किंवा जे वाचलंच नसतं, ते औषध घेऊन शाळेत जातं. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २०१५ मध्ये या औषधाला मान्यता दिली. ते जन्मभर घ्यावं लागतं. औषधाचं कोलिक ॲसिड गुरांच्या पित्तापासून मिळवतात, हे कळलं की काही घरांत चुळबुळ होते. गोरोचन चालतं तर बाळाच्या औषधाला हरकत नसावी, असं मी सांगतो.

इथे एक धोका आहे. आपल्याकडे यकृताच्या आजारात अर्सोडिऑक्सिकोलिक ॲसिड सर्रास दिलं जातं. नावातला 'अर्सो' म्हणजे अस्वल, कारण ते प्रथम अस्वलाच्या पित्तात सापडलं. औषध चांगलं आहे, पण ते यकृताची साखळी बंद करत नाही. त्यामुळे कारखान्याच्या दोषात ते कोलिक ॲसिडची जागा घेऊ शकत नाही. शिवाय ते चालू असताना लघवीची तपासणी गोंधळते, म्हणून डॉक्टरांच्या सल्ल्यानं काही दिवस थांबवून मगच नमुना द्यावा लागतो.

हा दोष ओळखायचा कसा? इथेच गंमत आहे. या मुलांना कावीळ असते, पण खाज नसते. पित्त अडलेलं असताना रक्तातली पित्ताम्लं वाढलेली हवीत, तर ती कमी असतात, कारण बनतच नाहीत. आणि गॅमा जीटी नावाचं एन्झाइम, जे पित्तमार्ग बंद झाला की रक्तात चढतं, तेही नॉर्मल. रिपोर्टवर 'नॉर्मल' पाहून आपण सुटकेचा श्वास सोडतो. पिवळ्या पडलेल्या तान्ह्या मुलाच्या रिपोर्टवर नॉर्मल गॅमा जीटी दिसलं की यकृताचा डॉक्टर सावध होतो. बायलर रोगात आणि पंपाच्या आजारातही ते नॉर्मलच असतं. तिथे खाज आणि वाढलेली पित्ताम्लं फरक दाखवतात. आता रक्ताच्या एका नमुन्यावरून या गटातली अनेक जनुकं एकदम तपासता येतात. पण आधी कोणाला तरी शंका यावी लागते.

कारखान्याच्या दोषांतला एक प्रकार मोठेपणी उघड होतो. १९३७ मध्ये बेल्जियमचे लुडो व्हान बोगार्ट आणि सहकाऱ्यांनी तो वर्णन केला. लहानपणी जुनाट हगवण, शाळेच्या वयात दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, विशी-तिशीत टाचेवरच्या जाड शिरेवर गाठी, मग चाल अडखळणं, बुद्धी मंदावणं. एका वेळी एकेक लक्षण घेऊन रुग्ण एकेका तज्ज्ञाकडे जातो. पोटवाला हगवण पाहतो, डोळ्यांचा डॉक्टर मोतीबिंदू काढतो, आणि चारही गोष्टी एकत्र पाहणारं कोणी भेटेपर्यंत मेंदूचं नुकसान होऊन गेलेलं असतं. इथेही उपचार तोच, हरवलेलं पित्ताम्ल परत देणं. या वेळी चेनोडिऑक्सिकोलिक ॲसिड. 'चेनो' म्हणजे ग्रीक भाषेत गूज पक्षी. १९८४ मध्ये १७ रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध झाला, त्यांतल्या अनेकांची प्रकृती सुधारली होती.

या औषधाची पुढची कथा ऐकून मात्र पित्त खवळावं. हे मुळात पित्ताचे खडे विरघळवण्यासाठी वापरात असलेलं जुनं, स्वस्त औषध. नेदरलँड्समध्ये २००८ साली त्याच्या एका पाकिटाची किंमत ४६ युरो होती. एका कंपनीनं हक्क मिळवले, या दुर्मीळ आजारासाठी म्हणून नव्यानं नोंदवलं आणि २०१७ पर्यंत तेच पाकीट १४,००० युरोंना झालं. औषध तेच, रोगी तेच. ॲमस्टरडॅमच्या एका विद्यापीठ रुग्णालयाच्या औषधशाळेनं २०१८ मध्ये ते स्वतः बनवायला घेतलं, आणि २०२१ मध्ये तिथल्या स्पर्धा-नियामक संस्थेनं अवाजवी किंमत लावल्याबद्दल कंपनीला सुमारे १ कोटी ९५ लाख युरोंचा दंड केला.

हे सगळे आजार विरळ आहेत. वाहतुकीच्या दोषांसाठी पाश्चात्त्य देशांत सांगितला जाणारा अंदाज ५० हजार ते एक लाख जन्मांमागे एक असा आहे. भारतात वर्षाला दोन कोटींहून अधिक मुलं जन्मतात. तोच हिशेब लावला तर दर वर्षी दोनशे ते चारशे बाळं. त्यांतल्या कितींचं निदान वेळेत होतं हे एका साध्या गोष्टीवर ठरतं. नवजात बाळाची कावीळ किती दिवस 'साधी' समजायची?

बहुतेक बाळं तिसऱ्या-चौथ्या दिवशी पिवळी दिसतात आणि दोन आठवड्यांत निवळतात. अंगावरच्या दुधावर असलेल्या काही बाळांची कावीळ जास्त रेंगाळते, तीही निरुपद्रवी असते. पण चौदा दिवसांनंतरही डोळे पिवळे असतील तर बाळाला कोवळ्या उन्हात धरत बसू नये. पित्त अडल्यानं झालेली कावीळ उन्हानं उतरत नाही. बिलिरुबिनची तपासणी करावी आणि त्यात 'डायरेक्ट' किती हे मुद्दाम विचारावं. ते दर डेसिलिटरला एक मिलिग्रॅमच्या वर असेल तर यकृताची चौकशी लगेच व्हायला हवी. कारण याच लक्षणांचा आणखी एक, त्याहून जास्त आढळणारा आजार आहे. त्यात यकृताबाहेरची पित्तनलिकाच बुजलेली असते. त्यासाठी जपानी सर्जन मोरिओ कासाई यांनी १९५० च्या दशकात काढलेली शस्त्रक्रिया पहिल्या ६० दिवसांत झाली तर तिचा सर्वांत चांगला उपयोग होतो. बाळ तेव्हा छान हसत असतं, दूध पीत असतं, बाळसंही धरलेलं असतं. म्हणूनच घरचे थांबतात.

आणखी एक खूण रक्ताची. पित्त आतड्यात न उतरल्यानं के जीवनसत्त्व शोषलं जात नाही आणि रक्त गोठत नाही. कान टोचल्यावर किंवा लस दिल्यावर बाळाचं रक्त थांबेना, तर ते नुसतं सुई लागल्याचं समजू नये. क्वचित हाच रक्तस्राव मेंदूत होतो. के जीवनसत्त्वाच्या इंजेक्शनानं तो टाळता येतो. पुढे ड जीवनसत्त्वाअभावी मुडदूस होतो, म्हणून या मुलांना ही चारही जीवनसत्त्वं जास्त मात्रेत द्यावी लागतात.

आणि लंगोट पाहावा. तान्ह्या बाळाची लघवी पाण्यासारखी असते. कापडावर पिवळा डाग पडत असेल तर ते लक्षण आहे. शी हळदीसारखी पिवळी किंवा हिरवी असेल तर काळजी नाही. फिकट, खडूसारखी किंवा शाडूच्या मातीसारखी असेल तर पित्त आतड्यात पोहोचत नाही. तैवाननं २००४ पासून देशभर प्रत्येक नवजात बाळाच्या आईला शीच्या रंगांची छापील चित्रं असलेलं कार्ड द्यायला सुरुवात केली, आणि नलिका बुजलेली बाळं पूर्वीपेक्षा लवकर शस्त्रक्रियेपर्यंत पोहोचू लागली. जपाननं २०१२ मध्ये असं कार्ड माता-बाल आरोग्याच्या पुस्तिकेतच घातलं. तुमच्याकडे कार्ड नसलं तरी लंगोट धुण्याआधी डॉक्टरांना दाखवता येतो, किंवा मोबाइलवर फोटो काढता येतो. फोटो मात्र खिडकीजवळ, दिवसाच्या उजेडात काढावा. पिवळ्या दिव्याखाली पांढरी शीसुद्धा पिवळी दिसते.